हं म्हणणारं माणूस

लेखकाला काय लागतं, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असतं. कार्यक्रम संपलेला असतो, चहा यायला वेळ असतो, म्हणून तो विचारतो. मीही अनुभव, वाचन, चिंतन वगैरे सांगून मोकळा होतो. खरं उत्तर असं आहे की लेखकाला एक हं म्हणणारं माणूस लागतं. बाकी सगळं असलं आणि तेवढं नसलं, तर कशात काय अन् फाटक्यात पाय. माझ्याकडे ते माणूस होतं. ती माझी आई. होळीच्या थोडं आधी ती गेली. तेव्हापासून मी काही लिहिलेलं नाही आणि पुन्हा लिहीन असं वाटतही नाही. हे जे चाललंय त्याला लिहिणं म्हणू नका, ही तक्रार आहे.

मी कोपरखैरण्यात वाढलो. वडील मराठवाड्यातलं गाव सोडून आलेले, तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला. एका खोलीचं घर, वर पोटमाळा. घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती. तरी मला वाचायचा नाद कसा लागला, देव जाणे. आणि देवाशी आमच्या घराचा काही संबंध नसल्यामुळे ते कोणीच जाणत नाही. भजी बांधून आलेला कागद, कॅलेंडरची मागची बाजू, काढ्याच्या बाटलीबरोबर येणारी बारीक अक्षरांची घडी, लग्नपत्रिका अगदी खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट, जे हाताला लागेल ते मी वाचायचो. आणि मोठ्याने वाचायचो, कारण माय तसं सांगायची. तिला वाचता येत नव्हतं.

"मनातल्या मनात वाचून मला काय कळंल?" ती म्हणायची. "लाइट काय तुझ्या एकल्यासाठी जळतो का?"

मी वाचायचो आणि ती भाकरी थापता थापता हं म्हणायची. हा तिच्या माहेरचा शिरस्ता. तिकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. ऐकणाऱ्याने हं म्हणायचं सोडलं की सांगणारा गोष्ट तिथल्या तिथे टाकून देतो, मग राजा जंगलात असो नाहीतर विहिरीत. तिचे वडील हुंकार चुकला की खरोखर कूस बदलून झोपून जायचे आणि पोरांना दुसऱ्या दिवसापर्यंत राजाचा घोर लागून राहायचा. त्यामुळे माय ऐकण्याच्या बाबतीत फार सावध होती. आपल्यामुळे कोणाचं अर्ध्यात राहू नये, असं तिला वाटायचं.

ती सगळ्याला हं म्हणायची. काढा जेवणानंतर घ्यावा, हं. बाटली हलवून वापरावी, हं. शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा मी तिला एक प्रमेय वाचून दाखवलं. त्रिकोणाच्या तीन कोनांपर्यंत आल्यावर तिचा हं इतका काळजीचा झाला, की या कोनांचं पुढे काहीतरी वाईट होणार असं मलाही वाटायला लागलं. शेवटी त्यांची बेरीज नीट लागली तेव्हा तिने सुस्कारा टाकला आणि तव्यावरची भाकरी उलटली. वर्गात मात्र मी घरी आईला माय म्हणतो यावरून पोरं हसायची. मी बरेच दिवस बाहेर आई आणि घरात माय असं चालवलं. ऐकणारीला फरक पडत नव्हता.

तिचे हं वेगवेगळे होते. एक लांबट, खालून वर जाणारा, म्हणजे पुढे काय. एक सपाट, म्हणजे ठीक आहे, चालू दे. एक आखूड, नाकातल्या नाकात, म्हणजे हे काही खरं नाही. मी गोष्टी लिहायला लागलो आणि तिला वाचून दाखवायला लागलो, तेव्हा या आखूड हंने माझा जीव काढला. मला वाटायचं, हे वाक्य म्हणजे काय वाक्य आहे. मी ते जरा आवाज लावून वाचायचो. आणि तिकडून आखूड हं. मी चिडायचो.

"माय, तुला यातलं काय कळतं?"

"काहीच नाही कळत, बाबा. पर तू लबाड बोलाय लागला की तुझा आवाज मोठा होतो."

मग ते वाक्य जायचं. दुसऱ्या दिवशी निमूटपणे मी ते काढून टाकायचो. असं करत करत माझी चार-दोन पुस्तकं झाली. तळोज्याच्या एका कारखान्यात मी नोकरीभर स्टोअर सांभाळलं. हा माणूस लेखक आहे, हे तिथे माझ्या निरोपसमारंभात कळलं, तेही सूत्रसंचालकाला बोलायला दुसरं काही सापडेना म्हणून.

वाशीच्या एका हॉलमध्ये एका पुस्तकाचं प्रकाशन झालं होतं. तिथे एक समीक्षक बोलले. ते म्हणाले, या लेखकाच्या गद्यात जागोजागी अर्थपूर्ण मौन आहे, परिच्छेद संपल्यावर एक श्वास थांबतो, हे मौन फार जाणीवपूर्वक घडवलेलं आहे. मी मान खाली घालून नम्र दिसत होतो. पहिल्या रांगेत माय बसली होती. ते मौन म्हणजे तिच्या हुंकारासाठी सोडलेली जागा होती, दुसरं काही नाही. वाचताना मी तिथे थांबायचो, म्हणून लिहितानाही थांबायचो. समीक्षकाच्या प्रत्येक वाक्यालाही ती हं म्हणत होती. मौनाच्या वाक्याला तिने आखूड हं दिला, तो मी एकट्याने ऐकला.

बाकी वाचकांबद्दल काय सांगावं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बायकोने त्या पुस्तकाची बातमी टाकली. वर माझा फोटो, खाली चार ओळी. एका शेजाऱ्याने फोटो पाहिला, ओळी पाहिल्या, पण वाचल्या नाहीत, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाकलं. मग रांगच लागली. हात जोडलेली चित्रं, फुलं, 'फार भला माणूस होता'. एकाने तर 'कालच लिफ्टमध्ये भेटले होते' असंही लिहिलं, आणि ते खरं होतं. बायकोने संतापून खुलासा केला तेव्हा सगळ्यांनी आपापले मेसेज पुसले. अभिनंदन मात्र कोणी केलं नाही. मला त्याचं विशेष वाटलं नाही. जी माणसं फोटोखालच्या चार ओळी वाचत नाहीत, ती पुस्तक कधी वाचणार?

बायको वाचते, नाही असं नाही. पण ती मनातल्या मनात वाचते, शांतपणे, चष्मा लावून, आणि शेवटी म्हणते, "चांगलं आहे." मला ते प्रमाणपत्रासारखं वाटतं. भांडण याच्यावरून आमचं कधी झालं नाही, पण मी पहिलं वाचन नेहमी मायकडेच केलं, हे तिलाही ठाऊक होतं.

निवृत्तीच्या सुमारास आम्ही करंजाड्याला फ्लॅट घेतला. माय तिथे कधी रुळली नाही. लिफ्टला ती पाळणा म्हणायची आणि डोळे मिटून उभी राहायची. तिला तिथे एकच जागा आवडली. ती म्हणजे इमारतींच्या मागे, रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराचं बुद्धविहार. आमच्यासारखीच कोकणातून, मराठवाड्यातून येऊन इथे घर केलेली माणसं तिथे जमतात. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. वाचायला कोणी तयार नसतं. कोणी कामावरून उशिरा येतं, कोणाचा चष्मा घरी राहतो. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी रिकामा होतो आणि लेखक होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी रिकामा.

माय माझ्या चौरंगाला गुडघा टेकवून बसायची. कान कमी झाले होते. म्हणून जवळ बसायची आणि म्हणूनच तिचा हं आता फार मोठ्याने यायचा. बाकीच्या बायका पांढऱ्या साड्यांत हात जोडून गप्प बसलेल्या, वर पत्र्यावर पाऊस, पंख्याची घरघर, बाहेर डंपर, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर मायचा खणखणीत हं. काही जणी वळून बघायच्या. शेवटी कमिटीचे सेक्रेटरी, एका बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, राग नका मानू. आजींना जरा मनातल्या मनात हं म्हणायला सांगाल का? लोक डिस्टर्ब होतात."

मी घरी येऊन मायला सांगितलं. ती विचारात पडली.

"मनात म्हनलं तर वाचणाऱ्याला कसं कळंल?" ती म्हणाली. "त्याला वाटंल, कोनी ऐकतच नाही."

मग मी सेक्रेटरींना सांगितलं की तिला ऐकू येत नाही. हे खोटं नव्हतं. तिने हं म्हणणं चालू ठेवलं.

ती गेली पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ बसायचो आणि वाचायला काही नसायचं. मी पेपर न्यायचो तर तिला झोप लागायची. मग एका दुपारी मी भिंतीवरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. कृपया शांतता राखा. हं. रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबावा. हं. चपला बाहेर काढाव्यात. इथे हं आला नाही, पण तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी चप्पल घालूनच बसलो होतो. ती काढून बाहेर ठेवून आलो. त्या आठवड्याच्या शेवटी ती गेली.

त्यानंतर दोन-तीनदा मी लिहायला बसलो. एक परिच्छेद झाला की सवयीने मोठ्याने वाचायचो आणि शेवटी थांबायचो. स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "काही म्हणालात?" मी नाही म्हणायचो. तिचा काही दोष नाही. पण तो परिच्छेद खरा आहे की लबाड, हे मला कळायचंच नाही. वाक्यं सगळी सारखीच दिसायची. एवढं वाचन केलं, एवढी वर्षं लिहिलं, आणि स्वतःचं स्वतःला कळू नये, याची लाज वाटायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो आड माझा कधी नव्हताच, एवढं समजलं. मग कागद बाजूला ठेवले.

यंदा वर्षावास आला. मी नेमाने विहारात जाऊन वाचायला बसलो. चौरंगापाशी मायच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. का कोण जाणे, ती जागा सगळ्यांनी सोडली होती. पहिला परिच्छेद संपला आणि मी थांबलो. जास्तच थांबलो असेन. मागून एक आजी म्हणाल्या, "ओळ सापडत नाही का, सर?" मी पुढे वाचलं. पुन्हा थांबलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एका जागी माझा आवाज असा काही झाला की मी ग्रंथ मिटला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभा राहिलो.

सेक्रेटरी मागोमाग आले. "सर, टेन्शन नाही घ्यायचं. तुमी यंदा आराम करा. मागच्या वर्षीचं सगळं वाचन मी फोनवर रेकॉर्ड केलंय ना. तेच लावू स्पीकरवर. तुमचाच आवाज, तुमचंच वाचन."

आपल्या जागी आपलीच नेमणूक झाल्यावर माणसाने कोणावर चिडावं? मी बरं म्हणून घरी निघालो. लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या वर्षी सेक्रेटरींचा फोन चौरंगावर असायचा. मायच्या गुडघ्याजवळ. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती होती. तीन महिन्यांच्या संध्याकाळी, प्रत्येक परिच्छेदानंतर ती तिथे होती.

आमच्याकडे तिचा दुसरा आवाज नाही. फोटो पुष्कळ आहेत. व्हिडिओ म्हटलं की ती ओठ घट्ट मिटून सरळ बसायची, फोटोला बसावं तशी. मी घरात आलो आणि बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "उद्या मीपण येते." वाचन ऐकायला ती कधी आली नव्हती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. किती दिवसांनी भूक लागली होती, ते बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. मनात आलं की रोज संध्याकाळी ते ऐकायचं, मग घरी येऊन दोन ओळी लिहून बघायच्या. लिहीनही कदाचित, असं वाटलं. हे मी स्पष्ट सांगून ठेवतो, कारण नंतर ते वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. आम्ही दोघं जरा लवकरच जाऊन बसलो. वंदना झाली. चौरंगावर ग्रंथ ठेवलेला होता, त्याच्या शेजारी स्पीकर. सेक्रेटरींनी फोन जोडला आणि माझा आवाज सुरू झाला. आपला आवाज बाहेरून ऐकणं हे मला कधीच सोसलेलं नाही, पण त्या दिवशी मी तो थांबण्याची वाट बघत होतो. परिच्छेद संपला. आवाज थांबला.

काही आलं नाही.

मला वाटलं स्पीकर लहान आहे. मी पुढे सरकून बसलो. दुसरा परिच्छेद संपला. आवाज थांबला, आणि पुन्हा काही नाही. पाऊस नाही, पंखा नाही, डंपर नाही. फार स्वच्छ शांतता. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही.

वाचन संपल्यावर सेक्रेटरींची सून माझ्याकडे आली. हिवाळ्यात लग्न होऊन आलेली मुलगी, महापेला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सर, ऐकलंत ना? किती क्लिअर आलंय," ती म्हणाली. "पप्पांनी दिलं तेव्हा नुसता गोंगाट होता. पाऊस, फॅन, गाड्या, ते सगळं एका ॲपने निघून गेलं. पण त्यात कोणीतरी सारखं हं हं करत होतं. ते काही ॲपने जाईना. मग मी एकेक करून काढलं, हाताने. सगळे रविवार त्यातच गेले."

सेक्रेटरी तिच्या मागे उभे होते. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि ते मूर्तीकडे बघायला लागले.

"आधीचं रेकॉर्डिंग आहे का?" मी विचारलं.

"नाही, सर. पप्पांचा फोन फुल झाला होता. हे तयार झालं आणि ते डिलीट केलं." मग तिला काहीतरी आठवलं. "पण गॅप मी ठेवलेत हां. प्रत्येक पॅराग्राफनंतर तुमी थांबता ना, ते कट केलं असतं तर तुमची स्टाइलच गेली असती."

माझ्या मौनाची कदर करणारी ती दुसरी. मी म्हणालो, छान झालंय. दुसरं काय म्हणणार होतो? त्या पोरीने सुट्ट्या घालवून, माझ्या आवाजाचा मान राखायला, एकेक करून माझी आई काढून टाकली होती. तिला सांगून तिचं आयुष्यभराचं नुकसान करण्यात काही अर्थ नव्हता. रस्त्यावर आल्यावर बायकोने माझा हात धरला. आमच्यात तशी पद्धत नाही, तरी तिने फाटकापर्यंत धरून ठेवला.

तरीही मी रोज जातो. बायको म्हणते, कशाला स्वतःला त्रास करून घेता, आणि तिचं बरोबर आहे. मी मागे भिंतीला टेकून बसतो. स्पीकरमधला माणूस वाचतो, थांबतो, आणि पुढे जातो. मला तिथे काही ऐकू येत नाही, पण त्याला येतं. तो पुढचं वाक्य कसं उचलतो त्यावरून मला कळतं की तिने काय दिलं असेल. सावकाश उचललं तर सपाट हं. जरा घाईने उचललं तर आखूड, म्हणजे आवाज मोठा झाला होता. त्याला ती रोज मिळते. त्याला ठाऊकही नाही की यात काही मिळण्यासारखं आहे.

काल एका परिच्छेदानंतर तो थांबला, आणि पुढे वाचण्याआधी हसला. हलकंसं, नाकातून, पण हसला. त्या वेळी तिने काहीतरी केलं असणार. काहीतरी बोलली असेल, किंवा नुसतं बघितलं असेल, किंवा भलत्याच ठिकाणी हं म्हणाली असेल. मी तिथेच होतो, तिच्या गुडघ्याजवळ. कालपासून मी आठवतोय. मला आठवत नाही.